भिंगाखालचा ‘नाइस’ : ऑक्सफर्डच्या दोन खंडी कोशाचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात पुण्यातील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची १९७१ सालची दोन खंडांतील कॉम्पॅक्ट आवृत्ती मला साडेचार हजार रुपयांना मिळाली. गडद निळी पेटी, तिच्यात उभे ठेवलेले दोन जाडजूड खंड आणि पेटीच्या वरच्या अंगाला एक लहानसा खण, अशी या वस्तूची रचना आहे. खण भिंगासाठी असतो, कारण भिंगावाचून हा कोश वाचताच येत नाही. मूळ बारा खंड आणि १९३३ सालची पुरवणी यांची पाने छायाचित्रणाने लहान करून चार-चार पाने एका पानावर छापलेली आहेत. मूळ पानावर तीन स्तंभ असल्यामुळे येथे एका पानावर बारा स्तंभ येतात आणि साध्या डोळ्यांना ते पान मुंग्यांच्या रांगांसारखे दिसते. “मॅडम, भिंग खणातच आहे, ओरिजिनल,” असे दुकानदाराने सांगितले होते. घरी येऊन खण ओढला तर आत डांबराची एक गोळी होती. दूरध्वनी केल्यावर “जुन्या मालात असं व्हायचंच” एवढेच उत्तर मिळाले. भिंग मग मी चष्म्याच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांना वेगळे घेतले, म्हणजे वस्तूची खरी किंमत चार हजार आठशे पन्नास रुपये झाली.

एवढ्या मोठ्या कोशाचे परीक्षण सबंध कोश वाचून करणे शक्य नाही. मूळ कोशात चार लाखांहून अधिक शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणे आहेत. भाताची परीक्षा शितावरून करतात, त्याप्रमाणे मी एकच शब्द निवडला आणि महिनाभर त्याच्याभोवती हा कोश वापरून पाहिला. तो शब्द ‘नाइस’. हा शब्द निवडण्याचे कारण सांगण्यासारखे असले तरी अभिमानाचे नाही.

मी इंग्रजी कायदेशीर कागदपत्रांचे मराठी भाषांतर करते. या व्यवसायात नवीन असताना एका निकालपत्रात ‘नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’ असे शब्द आले होते आणि मी बिनदिक्कत ‘कायद्याचा एक चांगला प्रश्न’ असे लिहून मोकळी झाले होते. ज्या ज्येष्ठ वकिलांकडे ते भाषांतर गेले त्यांनी समोर बसवून विचारले, “ताई, न्यायमूर्ती काय शाळा तपासायला आले होते का? चांगला प्रश्न विचारलास म्हणून पाठ थोपटायला?” न्यायालयाच्या इंग्रजीत ‘नाइस’ प्रश्न म्हणजे ज्याचा निर्णय केसाएवढ्या फरकावर अवलंबून आहे असा सूक्ष्म, अवघड प्रश्न. त्यांनी ‘नाजूक प्रश्न’ असे सुचवले आणि पुढे जाऊन मीच ‘सूक्ष्म कायदेशीर प्रश्न’ असे केले. त्यांची सूचनाच अधिक योग्य होती हे मला या कोशाचे पान वाचताना, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी, कळले. त्याविषयी पुढे येईलच.

त्या वेळी माझ्या टेबलावर असलेल्या विद्यार्थ्यांच्या कोशात शब्दाचे अर्थ आजच्या वापराच्या क्रमाने दिलेले होते. सर्वांत वर ‘छान’, मग ‘प्रेमळ’, आणि अगदी तळाशी, घाईत कोणाच्या लक्षातही येणार नाही अशा जागी, ‘सूक्ष्म’. अशा कोशांचा तो दोष नाही; ते शिकणाऱ्यासाठीच केलेले असतात आणि शिकणाऱ्याला आधी चलनातले नाणे हवे असते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची पद्धत नेमकी उलटी आहे. तो शब्दाला जन्मापासून हातात धरतो, सर्वांत जुना अर्थ सर्वांत वर ठेवतो आणि प्रत्येक अर्थाखाली तो अर्थ ज्या लेखनात आढळला त्यातील वाक्ये सालांसह, कालक्रमाने लावून देतो. त्यामुळे ‘याचा अर्थ काय?’ एवढाच प्रश्न असलेल्या माणसाची येथे पंचाईत होते, आणि ‘हा अर्थ येथे कसा पोहोचला?’ असे विचारणाऱ्याला मात्र मेजवानी मिळते.

आता प्रत्यक्ष नोंदीकडे वळते. ‘ए’पासून ‘ओ’पर्यंतची अक्षरे पहिल्या खंडात आहेत, त्यामुळे ‘नाइस’ शेवटाकडे सापडतो. खंड टेबलावर सपाट उघडावा लागतो. मांडीवर घेऊन वाचण्याची ही वस्तू नव्हे. पान पातळ पण चिवट आहे आणि पन्नासहून अधिक वर्षांनंतरही माझ्या प्रतीत ते फक्त कडेने पिवळे पडले आहे. भिंग ठेवले की पहिल्यांदा ठळक टाइपातला शब्द वर येतो, त्यामागून त्याची जुनी वर्णलेखने येतात, मग चौकोनी कंसात व्युत्पत्ती, आणि त्यानंतर अर्थांच्या क्रमांकित शाखा. काही अर्थांच्या आधी एक बारीकशी कट्यार छापलेली असते. कट्यार म्हणजे तो अर्थ आता मेला. ‘नाइस’च्या नोंदीत भिंग खाली सरकवत नेले की एकामागून एक कट्यारी लागतात, आणि गावाबाहेरच्या जुन्या वीरगळांच्या रांगेतून चालत असल्यासारखे वाटते.

पहिलीच कट्यार पाहून मी भिंग बाजूला ठेवले होते. इसवी सन १३००च्या सुमारास इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा पहिला अर्थ ‘मूर्ख’ असा आहे. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या लेखनातही तो याच अर्थाने येतो. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनच्या ‘नेस्कियुस’ या विशेषणापासून आला. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे, म्हणून ‘नेस्कियुस’ म्हणजे न जाणणारा. याच ‘स्कीरे’पासून ‘सायन्स’ हा शब्दही झाला आहे. म्हणजे ज्ञानाला मिळालेले नाव आणि उन्हाळ्यात आइस्क्रीम खाऊन झाल्यावर आपण जो उद्गार काढतो तो, हे दोन्ही एकाच घरातले आहेत.

मराठी वाचकाला येथे जे दिसते ते कदाचित इंग्रज वाचकाला दिसणार नाही. ‘न’ आणि ‘जाणणे’ मिळून आपल्याकडे ‘नेणणे’ हे क्रियापद झाले आणि त्यापासून ‘नेणता’ हा शब्द झाला. बांधणी तंतोतंत तीच आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मधली. तिच्यात ‘नेणणे’ची रूपे पावलोपावली भेटतात आणि साधारण त्याच सुमारास हजारो मैलांवर इंग्रजीत ‘नाइस’ दाखल होत होता. पुढची वाटही थोडीशी जुळते. ‘नेणता’ म्हणजे अज्ञानी, हे खरेच. परंतु ‘नेणतं लेकरू’ असे म्हणताना त्यात निंदा उरत नाही, उलट माया येते. जाणते-नेणते या जोडीत नेणता तो लहान, निष्पाप. म्हणजे न जाणण्याचा दोष माफ होऊन त्याचे गोडव्यात रूपांतर होण्याची सोय आपल्या भाषेतही होती, फक्त आपण त्या वाटेने फार पुढे गेलो नाही. इंग्रजी मात्र गेली आणि वाटेत तिने फार विचित्र वळणे घेतली.

ही वळणे हाच या नोंदीचा सर्वांत श्रीमंत भाग आहे. मूर्खानंतर ‘नाइस’चा अर्थ स्वैर, लंपट असा होतो. त्याच शब्दाचा अर्थ पुढे लाजाळू, संकोची असाही होतो. आळशी, विलक्षण, दुर्मीळ, थोडेही सोसू न शकणारा, खाण्यापिण्यात चोखंदळ, वागण्यात काटेकोर, मोजमापात अचूक, भेदाच्या बाबतीत सूक्ष्म, हे सारे अर्थ एका चार अक्षरी शब्दाने चौदाव्या ते सतराव्या शतकांत कधी ना कधी वाहिलेले आहेत. स्वैर आणि संकोची या दोन टोकांना एकच शब्द चालावा याचे कोणालाही आश्चर्य वाटेल. येथे कोशकाराचा प्रामाणिकपणा मला फार आवडला. इतके भिन्न अर्थ नेमके कसे फुटले हे पूर्णपणे स्पष्ट नाही आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या पुष्कळ वाक्यांत लेखकाला कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणे कठीण आहे, असे तो नोंदीतच मोकळेपणाने लिहून टाकतो. आपल्याकडचे काही कोश जेथे व्युत्पत्ती ठाऊक नाही तेथे संस्कृतातला एखादा धातू ओढून आणतात. त्यांच्याशी तुलना केली की या कबुलीचे मोल कळते. ‘एन’ अक्षराचे संपादन विल्यम क्रेगी यांनी केले होते. प्रमुख संपादक म्हणून ज्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते ते जेम्स मरी १९१५ साली वारले आणि संपूर्ण कोश १९२८ साली पुरा झाला.

त्या काळातील अर्थ माहीत नसला तर केवढी गफलत होते, याचे एक उदाहरण या नोंदीमुळे माझ्या हाती लागले. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या शेवटच्या अंकात रोमिओला पाठवलेले पत्र पोहोचलेच नाही असे कळल्यावर पाद्री लॉरेन्स हळहळतो आणि म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हते. आजचा विद्यार्थी याचा अर्थ ‘पत्र काही चांगले नव्हते’ असा करील आणि मग पाद्री हळहळतो कशासाठी हे त्याला कळणार नाही. तेथे ‘नाइस’ म्हणजे क्षुल्लक. पत्र क्षुल्लक नव्हते, मोठे महत्त्वाचे होते, म्हणून तर पुढचा अनर्थ ओढवला. सूक्ष्म या अर्थाचा पाय घसरला की क्षुल्लक होतो. आपल्या ‘बारीकसारीक’ या शब्दाचेही असेच झाले आहे.

माझ्या वकीलसाहेबांचा ‘नाजूक’ हा शब्द मला आठवला तो याच ठिकाणी. फारसीतून आलेला हा आपला शब्द पाहा. नाजूक मुलगी म्हणजे सुकुमार, नाजूक तब्येत म्हणजे थोडेही न सोसणारी, नाजूक काम म्हणजे अचूक हात लागणारे, नाजूक प्रकरण म्हणजे जपून हाताळावे असे, नाजूक नक्षी म्हणजे बारीक. मधल्या तीनशे वर्षांतल्या ‘नाइस’चा अर्ध्याहून अधिक संसार हा एकटा शब्द सांभाळतो. उरलेल्या अर्थांसाठी चोखंदळ, काटेकोर आणि नखरेल हे तीन शब्द जोडीला घेतले की काम भागते. ‘सूक्ष्म कायदेशीर प्रश्न’ हे माझे भाषांतर चूक नव्हते, पण त्यात प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा तोल जाणवत नाही. ‘नाजूक’मध्ये तो जाणवतो. असा साक्षात्कार विद्यार्थ्यांच्या कोशाने कधीच घडवला नसता.

मग हा शब्द ‘छान’पाशी कसा पोहोचला? नोंदीतील सालांवरून पाहता हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होताना दिसतो. माझ्या समजुतीप्रमाणे मधला पूल चोखंदळपणाचा आहे. चोखंदळ माणूस ‘नाइस’, मग त्याला पसंत पडेल अशी निवडक वस्तूही ‘नाइस’, आणि पुढे कोणालाही आवडलेली कोणतीही वस्तू ‘नाइस’. १७५५ साली आलेल्या सॅम्युएल जॉन्सन यांच्या कोशात अजून बारकाई आणि काटेकोरपणा या अर्थांचाच वरचष्मा आहे. गंमत म्हणजे एवढ्या व्यासंगी माणसानेही या शब्दाची व्युत्पत्ती ‘मऊ’ अर्थाच्या एका सॅक्सन शब्दापासून दिली होती आणि ती चुकली. त्यानंतर साठ-बासष्ट वर्षांनी, १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत जेन ऑस्टिनचा नायक नायिकेची या शब्दावरून थट्टा करताना दिसतो. दिवसही नाइस, फेरफटकाही नाइस आणि तुम्ही मुलीही नाइस, म्हणजे हा शब्द कशालाही चालतो, असे त्याचे म्हणणे. मूळ अर्थ नीटनेटकेपणा आणि शालीनता यांचा असावा असा तर्कही तो ऐटीत करतो. दुसऱ्याच्या भाषेवर हसणाऱ्या या पंडिताचा तर्कही चुकीचाच आहे, कारण मूळ अर्थ मूर्ख असा होता. हे भिंगातून शोधून काढताना मला जो आनंद झाला तो थोडा दुष्ट होता, हे मान्य करते.

पुढे १९२६ साली फाउलर यांनी आपल्या इंग्रजीच्या वापरकोशात या शब्दाचे सारे वेगळेपण झिजून तो नुसता सौम्य गोडवा पसरवण्यापुरता उरल्याची तक्रार केली. त्याचा दोष त्यांनी स्त्रियांच्या माथी मारला, ते त्यांच्या काळाला शोभले. इंग्रजीचे शिक्षक निबंधातील ‘नाइस’वर अजूनही लाल रेघ मारतात. माझ्या भाचीच्या वहीतही तशी रेघ आहे, पण रेघ का मारली याचे कारण बाईंनी लिहिलेले नाही. ते कारण सहाशे वर्षांचे असल्याने समासात मावले नसते.

आपल्या शब्दांचे असे प्रवास शोधायला मी या कोशामुळेच प्रवृत्त झाले. ‘बरा’ घ्या. ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ, या संस्कृत शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. तुकोबा दिवाळे निघाले ते बरे झाले असे देवाला सांगतात तेव्हा त्या ‘बरे’मध्ये पूर्ण चांगुलपणा आहे. आज मात्र “सिनेमा बरा होता” असे कोणी म्हटले की आपण तिकीट काढत नाही. म्हणजे ‘नाइस’ खालून वर चढला आणि ‘बरा’ वरून खाली उतरला. ‘राग’ तर आणखी लांब गेला: संस्कृतात रंग, आसक्ती, अनुराग, आणि आपल्या घरांत सकाळच्या चहात साखर कमी पडली की येतो तो. उपरोधाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. इंग्रज माणूस घोळ झाला की ‘नाइस मेस’ म्हणतो, आणि दूध उतू गेलेले पाहून आपली आईही “छान!” एवढेच म्हणते.

आता या वस्तूच्या त्रुटींकडे येते. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे यातील मजकूर १९३३च्या पुढे जात नाही. ‘नायलॉन’ हा शब्द १९३८ सालचा, त्यामुळे तो ‘नाइस’नंतर काही पाने उलटूनही सापडत नाही. विसाव्या शतकात ‘नाइस’ला जे नवे संदर्भ चिकटले त्यांचाही येथे पत्ता नाही. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या मंडळींना ‘नाइस’ ही आज्ञा ठाऊक असते. उणे वीसपासून एकोणीसपर्यंतचा तिचा आकडा जितका मोठा, तितकी ती प्रक्रिया इतरांना आधी जाऊ देते; म्हणजे यंत्राच्या जगात ‘नाइस’ असणे म्हणजे रांगेत मागे उभे राहणे. साखरेचे दाणे लावलेल्या, खोबऱ्याच्या स्वादाच्या आयताकृती बिस्किटांवर हाच शब्द उठवलेला असतो आणि तो ‘नाइस’ वाचायचा की फ्रान्समधल्या शहराप्रमाणे ‘नीस’, यावर आमच्या घरात एकदा चहा थंड होईपर्यंत वाद झाला होता. असल्या वादात हा कोश मदतीला येत नाही. या आवृत्तीला जोडून १९८७ साली तिसरा खंड निघाला होता आणि त्यात नंतरच्या चार खंडी पुरवणीचा मजकूर आहे, पण तो जुन्या बाजारात क्वचितच सापडतो आणि माझ्याकडे नाही.

दुसरी त्रुटी शारीरिक आहे. भिंगाखाली एका वेळी स्तंभाचा जेमतेम तुकडा दिसतो. वीस मिनिटांनंतर मान आखडते, अर्ध्या तासानंतर अक्षरे पोहू लागतात, आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली तर हा उद्योग करूच नये. चाळिशीचा चष्मा आणि भिंग यांचे जमत नाही. मी चष्मा काढून वाचते. पांढऱ्या प्रकाशाचा, मान वळवता येणारा टेबलदिवा घ्यावा लागला आणि त्याचे नऊशे रुपये हिशेबात धरले तर वस्तू पावणेसहा हजारांवर जाते. हवामानाचा प्रश्नही आहेच. पुठ्ठ्याच्या पेटीला कसर फार लवकर लागते. डांबराच्या गोळीवर मी सुरुवातीला रागावले होते, पण ती ज्याने ठेवली त्याला पुस्तकाची काळजी होती, हे आता मान्य करावे लागते.

मग इंटरनेटवरचा कोश का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. ऑक्सफर्डचा हा कोश २००० सालापासून इंटरनेटवर आहे, त्यात सतत भर पडते आणि हवा तो शब्द क्षणात समोर येतो. मात्र व्यक्तिगत वर्गणी आपल्या खिशाला हलकी नाही आणि ती दरवर्षी भरावी लागते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी जुन्या खंडांच्या फंदात पडूच नये, कारण तेथील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदांना तो कोश घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. येथे मात्र ज्यांना विद्यापीठाचे ग्रंथालय उपलब्ध नाही, त्यांच्यासाठी एकदाच पैसे मोजून कायमची घरात येणारी ही पेटी अजूनही स्वस्तच आहे. शिवाय पडद्यावर शब्द शोधला की तेवढाच शब्द दिसतो. भिंग मात्र चुकून शेजारच्या स्तंभावर घसरते आणि आपण न शोधलेले काही वाचून उठतो. ‘नाइस’ शोधायला बसून मी दोनदा पाऊण-पाऊण तास भलत्याच शब्दांत हरवले. याला वेळेचा अपव्यय म्हणायचे की लाभ, हे ज्याने त्याने आपल्या कामाच्या मुदतीकडे पाहून ठरवावे.

मराठी वाचकाच्या मनात दाते आणि कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’शी तुलना येणे स्वाभाविक आहे. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले आणि १९५० साली पुरवणी आली. मोजक्या साधनांत एवढे काम झाले याचा अचंबा वाटल्यावाचून राहत नाही. जुन्या वाङ्मयातली अवतरणे त्यातही आहेत, पण त्यांना साल दिलेले नसते आणि अर्थ कालक्रमाने लावलेले नसतात. त्यामुळे ‘नेणता’ हा शब्द अज्ञानाकडून निष्पापपणाकडे कोणत्या शतकात वळला, असे विचारले तर उत्तर वाचकाला स्वतःच पोथ्या चाळून काढावे लागते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती बोलीतले बारकावे टिपण्यात आजही अजोड आहे, पण तिचा हेतूच वेगळा होता. ऑक्सफर्डच्या कोशासाठी शेकडो सामान्य वाचकांनी वर्षानुवर्षे पुस्तके वाचून, वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून टपालाने पाठवली होती. कोशाची खरी ताकद संपादकांच्या विद्वत्तेइतकीच या चिठ्ठ्यांत आहे. मराठीत असा उद्योग व्हावा असे मला फार वाटते, परंतु तो या परीक्षणाचा विषय नव्हे.

घेणाऱ्यांसाठी थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. दुकानातच खण उघडून पाहावा. बंद खणावर विश्वास ठेवू नये. दोन्ही खंडांची शिवण तपासावी, कारण पुस्तक जड असल्याने पाठीचा भाग आधी सुटतो. माझ्या पहिल्या खंडाची पाठ कोणीतरी कापडी पट्टीने चिकटवलेली आहे आणि ती अजून तग धरून आहे. भिंग नसल्यास किमतीतून निदान पाचशे रुपये कमी करून घ्यावेत. साडेचार हजार ही किंमत भिंगासकट ठीक होती, भिंगाशिवाय जास्त झाली. शाळकरी मुलांसाठी किंवा इंग्रजी बोलण्याचा सराव करणाऱ्यांसाठी हा कोश घेऊ नये. त्यांना तो गोंधळात पाडील. भाषांतरकार, वकील, जुने इंग्रजी साहित्य वाचणारे आणि एका शब्दापायी संध्याकाळ घालवायला ज्यांची हरकत नाही अशी माणसे, यांनी मिळाल्यास जरूर घ्यावा. कोश म्हणून मी त्याला पाचपैकी पाच गुण देईन, वापरण्याच्या सोयीला दोन, आणि ज्या दुकानाने तो विकला त्याला एकही नाही.

त्याच दुकानदाराचा मागच्या आठवड्यात दूरध्वनी आला होता. १९८७चा तिसरा खंड एका घरातून येणार आहे, हजार रुपये आगाऊ भरले तर राखून ठेवतो, असे तो म्हणाला. खंड दुकानात आला की मी येऊन उघडून पाहीन आणि मगच पैसे देईन, असे मी त्याला कळवले आहे.